रामजी तायडे रिव्हर्स घेतो

मुहर्रकच्या विमानतळावर उतरणाऱ्या एखाद्या पायलटला विचारलं की रामजी तायडे कोण, तर त्याला सांगता येणार नाही. पण त्याने रामजीला पाहिलेलं असतं, आणि त्याचं निमूटपणे ऐकलेलंही असतं. टेबल टेनिसच्या बॅटीसारख्या दोन नारिंगी बॅटी हातांत घेऊन विमानाच्या नाकासमोर उभा राहणारा, 'ये, ये, जरा डावीकडे, अजून ये, बस्स' असं नुसत्या हातांनी सांगणारा तो ठेंगणा, मिशाळ माणूस म्हणजेच रामजी. शेकडो माणसं पोटात घेतलेलं जंबो विमान त्याच्या इशाऱ्याबरोबर गरीब गाईसारखं पुढे येई आणि पिवळ्या रेघेवर पाय ठेवून उभं राही.

असा हा माणूस मूर्तिजापूरकडचा. बहरीनमध्ये त्याची बरीच वर्षं गेली होती. बायको कांता आणि मुलगी श्रावस्ती यांच्यासह नईममधल्या एका अरुंद गल्लीत तो राहत असे. आणि त्या गल्लीत त्याला स्वतःची गाडी लावता येत नसे.

यात त्याचा दोष थोडा आणि धंद्याचा जास्त होता. विमान धक्क्याला लागतं ते नाकाने. परत जाताना ते स्वतःहून मागे सरत नाही. त्याला मागे ढकलायला ट्रॅक्टर येतो. रामजीचा सगळा जन्म नाकासमोर पाहण्यात गेला. वस्तू पुढे आणायची कशी हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मागे न्यायची असेल तर ते काम दुसऱ्या खात्याचं, असं त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

मग त्याला लायसन्स कसं मिळालं? ती करामत महमूदची. महमूद हा गाडी शिकवणारा बहरीनी. रामजी कितव्या खेपेला पास झाला हे रामजी कोणाला सांगत नसे. महमूद मात्र न विचारता सगळ्यांना सांगे. परीक्षेच्या मैदानात रिव्हर्स घ्यावा लागे. रामजीने मान मागे वळवली की मानेबरोबर त्याचे हातही वळत आणि गाडी भलतीकडेच जाई. शेवटी महमूदने कपाळाला हात लावला आणि एक युक्ती काढली. "रामजी, पीछे देखना मफी. वो पीला ड्रम खिड़की में दिखा, तो फुल यमीन. खलास." मैदानाच्या कडेला एक पिवळा ड्रम होता. मागे बघायचंच नाही, तो खिडकीत दिसला की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवायचं. रामजीने ते पाठ केलं आणि पास झाला. म्हणजे त्याला रिव्हर्स येत होता. फक्त जिथे रिव्हर्स घ्यायचा, तिथे पिवळा ड्रम असायला हवा होता.

पास झाल्याच्या आनंदात त्याने एक सेकंडहँड दुधी रंगाची टोयोटा घेतली, पुढच्या काचेमागे बाबासाहेबांचा छोटा फोटो लावला आणि बायको-मुलीला घेऊन पहिली फेरी मारायला निघाला. निघताना कांता म्हणाली, "अहो, डावीकडं कचऱ्याचा डबा हाये."

"ड्रायव्हरशी बोलू नये," रामजी म्हणाला.

"पण डबा—"

"मी जंबो लावतो कांता, जंबो! मला डबा दाखवू नको."

पुढच्याच क्षणी तो डबा सगळ्या गल्लीला ऐकू गेला. कांता खाली उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "आता या गाडीत मी नाई बसत बाप्पा. ज्या मानसाले डबा दिसत नाई अन् सांगतलेलं आयकू येत नाई, त्याच्या शेजारी कोन बसन?" श्रावस्तीही उतरली. ती इंग्रजी शाळेत जाणारी. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत येई. "आय अॅम विथ मम्मी," तिने सांगून टाकलं.

तेव्हापासून टोयोटा गल्लीबाहेरच्या मोकळ्या जागेत उभी असे, कारण तिथे नाकाने आत जाता येई आणि नाकानेच बाहेर पडता येई.

हे सगळं शेजारच्या इमारतीतला विश्वजीत मेश्राम मजेने पाहत असे. विश्वजीत नागपूरचा, एका कंपनीत इलेक्ट्रिकल फोरमन. त्याच्याकडे जहाजासारखी लांबलचक गाडी होती आणि ती तो एका हाताने, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास धरून, रिव्हर्समध्ये गल्लीत घुसवी. दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला तायडे कुटुंब त्याच्याच गाडीतून जाई. तो दरवर्षी उशिरा येई, आणि मग रस्ताभर उपकार ऐकवी.

"रामजीभाऊ, मी काय म्हणतो, ती टोयोटा मला देऊन टाका," तो एका संध्याकाळी म्हणाला. "धूळ खाऊन राहिली बिचारी. माझ्या मेव्हण्याला पाहिजे आहे. यंदाही जयंतीला तुम्ही आमच्याच मागच्या सीटवर ना?"

रामजीचा चेहरा पडला. कांताने तो पाहिला. नवऱ्याला आपण बोललेलं चालतं, शेजाऱ्याने बोललेलं चालत नाही, हा तिचा न्याय होता. विश्वजीत गेल्यावर ती म्हणाली, "हे पाहा. येत्या शुक्रवारी एकटे गाडी घेऊन जा. पार वाळवंटात, ते एकटं झाड हाये म्हन्तेत ना, तिथवर. तिथं डबा नाई, भिंत नाई, मानूस नाई. गाडीले एक नवा चरा न पाडता परत आले, तर जयंतीले मी तुमच्या शेजारी बसते. चरा पडला, तर गाडी त्याच्या मेव्हन्याले."

रामजी कबूल झाला. वाळवंटात धडकायला असतं तरी काय!

शुक्रवारी सकाळी कांताने डबा भरला : झुणका, भाकरी, ठेचा. शिवाय पाण्याचा एवढा मोठा कॅन दिला की रामजी हजला निघाला आहे असं खालच्या दुकानदाराला वाटलं. श्रावस्तीने स्वतःचा कॅमेरा दिला आणि बजावलं, "पपा, फोटो ऑफ द ट्री. विथ द कार. नॉट युअर थंब."

रस्ते मोकळे होते. आली नावाच्या गावाजवळ पोहोचल्यावर दोन्ही बाजूंना मातीचे गोल ढिगारे सुरू झाले. एकाला लागून एक, नजर जाईल तिथवर. ही हजारो वर्षांपूर्वीची थडगी. रामजीने आजवर ती विमानतळाच्या कॅलेंडरवरच पाहिली होती. प्रत्यक्षात ती लहान लहान स्तूपांसारखी दिसत होती. काहींची पोटं फोडून कोणी आतले दगड उघडे पाडले होते. रामजीने गाडी अशा ठिकाणी उभी केली की निघताना सरळ पुढे जाता यावं, आणि उतरून जरा हिंडला. एका पडक्या दगडी खोलीत वाकून पाहिलं. एवढी माणसं इथे जगली, इथेच पुरली गेली, आणि यातल्या एकालाही कधी रिव्हर्स घ्यावा लागला नसेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला त्या लोकांचा हेवा वाटला.

रिफा मागे पडलं, अवाली मागे पडली. मग घरं संपली. रस्त्याच्या कडेने तेलाचे पाइप पळू लागले. ठिकठिकाणी तेलाचे पंप माना खालीवर करत होते. रामजी मोठ्याने म्हणाला, "गाडी चांगली चालवतो की नाही मी?" पंप हो-हो म्हणत राहिले. गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्याशी इतकं सहमत कोणी झालं नव्हतं. त्याने भीमगीतांची कॅसेट लावली, काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं, विश्वजीत काढतो तसं.

कोपर बाहेर काढल्यावर माणूस पाट्या वाचत नाही. जबल दुखान हा तिथला डोंगर. आपल्याकडे त्याला टेकडी म्हणायलाही लोक लाजले असते, पण बहरीनमध्ये त्याच्याहून उंच काही नाही. त्याला वळसा घालून रामजी कच्च्या वाटेला लागला. थंडीच्या दिवसांत तिथले लोक तंबू ठोकून राहतात. त्यांच्या पिकअप गाड्यांच्या चाकोऱ्या साऱ्या दिशांना गेल्या होत्या. रामजीने त्यातली सगळ्यांत ठसठशीत निवडली. ती झाडाकडे जात नव्हती. ती खडकांच्या एका कड्याकडे गेली आणि कड्यातल्या फटीत शिरली.

दोन्ही बाजूंना पिवळट, थरांथरांचे खडक उभे राहिले. आरंभी वाट रुंद होती. मग ती वळली. खडक उंच झाले, जवळ आले. वारा बंद झाला. वर आकाशाची एक पट्टी तेवढी उरली. कोणी पुसल्यासारख्या गुळगुळीत भिंती, मध्येच मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, सावलीत जांभळा आणि उन्हात मधासारखा रंग. बहरीनमध्ये असं काही असेल, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "वा!" रामजी म्हणाला, आणि पुढे गेला. पुढे जाणं त्याला येतच होतं.

थोड्या अंतरावर ती फट संपली. समोर खडकाचा ओटा होता. रामजीने सवयीने गाडी ओट्यापासून हातभर अंतरावर, बरोबर मधोमध, अगदी धक्क्याला विमान लागावं तशी लावली. इंजिन बंद केलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की इथे ट्रॅक्टर येणार नाही.

त्याने दार उघडून पाहिलं. जेमतेम अंग बाहेर निघालं. गाडी वळवायला जागा नव्हती. त्याने रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली. हात मानेबरोबर वळले. मागचा बंपर खडकाकडे झेपावला. त्याने करकचून ब्रेक दाबला. खडक आणि बंपर यांच्यात पोळी सरकवता आली असती, भाकरी नाही. पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या बाजूला तेच. मनात त्याने सगळं वाळवंट धुंडाळून पाहिलं, पण पिवळा ड्रम कुठेच नव्हता.

त्याच्या डोळ्यांपुढे विश्वजीतचा मेव्हणा उभा राहिला. त्याने त्या मेव्हण्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी तो टोयोटात कोपर बाहेर काढून बसलेला स्पष्ट दिसला.

रामजीने डिकीतून जादा बॅटींची जोडी काढली. त्या का काढल्या हे त्याला सांगता आलं नसतं. हातात बॅटी असल्या की त्याला सुचत असे. तो गाडीपुढे, ओट्यावर चढून उभा राहिला. वरून सगळं लख्ख दिसत होतं. इतकं सोपं! जरा डावीकडे घ्यायची, सरळ करायची, वळणावर उजवीकडे कापायची. त्याचे हात आपोआप उठले. त्याने गाडीला खुणा करायला सुरुवात केली. मागे, मागे, डावीकडे, शाबास, सरळ...

गाडी हलली नाही.

"या हाजी!" वरून आवाज आला. "गाड़ी में नफर मफी! किसको बुलाता?"

कड्यावर पायघोळ काळ्या अबायातली एक म्हातारी उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. पावसाळी वर्षी वाळवंटात जमिनीखाली फगा नावाचा बटाट्यासारखा कंद उगवतो. तो शोधत ती इथवर आली होती. रिकाम्या गाडीला हातवारे करणारा माणूस तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

रामजीने बॅटी खाली घेतल्या. "गाड़ी अटक गया, अम्मा. पीछे जाना है."

"तो पीछे जाओ."

"पीछे... मुश्किल है."

म्हातारी शेळीसारखी खडकावरून उतरून आली. गाडी पाहिली, रामजीला पाहिलं, बॅटी पाहिल्या आणि तिचे डोळे लकाकले. "तुम मतार में काम करता? मैं मक्का गया, तैयारा में. खिड़की से देखा. एक नफर लकड़ी लेके नाचता था. मैं बेटे को बोला, ये मिस्कीन पागल है. वो तुम?"

आपल्या नोकरीचं हे वर्णन रामजीला लागलं, पण वेळ वाद घालण्याची नव्हती. मतार म्हणजे विमानतळ, तैयारा म्हणजे विमान आणि नफर म्हणजे माणूस, एवढं अरबी त्याला कळत होतं. तिचं नाव आबिदा. मुलगे टेकाडापलीकडच्या तंबूत आहेत, असं तिने सांगितलं.

"बेटे को बुलाओ ना, अम्मा."

"वो सोता. उठेगा, आएगा, इस्पीड मारेगा, तुम्हारा गाड़ी खलास." तिने हात पुढे केला. "लकड़ी दो. मैं नाचता."

रामजीने बॅटी दिल्या. खुणा शिकवल्या : ही मागे, ही डावी, ही उजवी, दोन्ही बॅटींची फुली केली म्हणजे थांब. आबिदाला त्या पटकन आल्या. फुली तर फारच आवडली. तिने पिशवी बाजूला ठेवली, अबाया सावरली आणि ओट्यावर चढून दोन्ही हात पसरून अशी उभी राहिली की आत बसलेल्या रामजीला एकदम कळलं, पायलटला काय दिसत असतं ते. समोर एक अनोळखी माणूस, हातात दोन बॅटी. आपल्याला काही दिसत नाही, त्याला सगळं दिसतं. झालं, एवढाच करार.

"मागे पाहायचं नाही," तो स्वतःला म्हणाला. "आजीकडे पाहायचं."

बॅटी हलल्या. गाडी इंचाइंचाने मागे सरकली. वळणाशी आबिदाने डावी बॅट दाखवली. रामजीच्या मनाने कौल दिला की उजवी हवी. त्याने डोकं काचेबाहेर काढलं.

"अम्मा, मेरे हिसाब से—"

दोन बॅटींची फुली झाली. "तैयारा में बैठा नफर बात करता?"

"नहीं, पर मैं इतने साल से—"

"चुप! लकड़ी किसके पास?"

हेच, अगदी हेच, रामजी मनातल्या मनात पायलटांना म्हणत आला होता. त्याने डोकं आत घेतलं आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. बाजूचा खडक आरशाला जवळजवळ कुरवाळत गेला. मग भिंती लांब झाल्या, वारा लागला, आणि गाडी पार्श्वभागाने का होईना, उघड्या वाळवंटात आली. चरा नाही. रामजी गाडीभोवती फिरला, बोटं फिरवून पाहिली. चरा नाही!

त्याने ओट्यापर्यंत जाऊन आबिदापुढे हात जोडले. मग दोघांनी सावलीत बसून भाकरी खाल्ली. ठेच्याने आबिदाच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि तिने आणखी मागितला. झाड कुठे, असं विचारल्यावर तिने काठीने लांबवर एक काळा ठिपका दाखवला. तिथे जायला आणखी चाकोऱ्यांतून जावं लागणार होतं. रामजीने ठिपक्याचा इथूनच फोटो काढला.

निघताना आबिदाने मूठभर फगा त्याच्या डब्यात टाकला. एक बॅट परत केली, दुसरी अबायात घातली. "ये मेरा. बेटा लोग गाड़ी तंबू के ऊपर लगाता. अब मैं लगवाएगा. यल्ला, जाओ."

घरी पोहोचल्यावर कांता चपला न घालताच खाली आली. तिने गाडीला प्रदक्षिणा घातली, वाकून चाकं पाहिली. अट कानावर गेलेला विश्वजीतही चहाचा ग्लास घेऊन आला होता.

"चरा नाई," कांता म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं. "एकटेच गेलते ना?"

इथे रामजीला नुसतं हो म्हणता आलं असतं. वाळवंटातून साक्ष द्यायला कोणी येणार नव्हतं. पण डब्यात तो फगा होता, डिकीत एकच बॅट होती, आणि बायकोपुढे खोटं बोलताना त्याच्या मिशा थरथरत. त्याने सगळं सांगितलं. खिंड, रिकाम्या गाडीला केलेल्या खुणा, म्हातारी, फुली, 'चुप'.

विश्वजीत हसून हसून भिंतीला टेकला. "म्हणजे आजीबाईंनी काढली गाडी! वहिनी, एकट्याने जायची अट होती. गाडी मेव्हण्याची झाली."

कांता हसली नाही. तिने डब्यातला मातकट कंद उचलून पाहिला.

"थांबा जरा, विश्वजीतभाऊ. अहो, ते म्हातारी डावीकडं म्हने, अन् तुमाले उजवीकडं वाटे. मंग कोनाचं आयकलं?"

"तिचं."

"ड्रायव्हरशी बोलू नये, असं नाई म्हटलं?"

"म्हणणार होतो," रामजी खालमानेने म्हणाला. "तिने फुली केली."

"मंग बसते मी," कांता म्हणाली. "मले गाडी येनारा नवरा कुठं पाहिजे होता? आयकनारा पाहिजे होता. गाडी कोनालेच भेटनार नाई, विश्वजीतभाऊ. तुमचा चहा थंडा झाला."

"सो यू नेव्हर रीच्ड द ट्री?" श्रावस्तीने विचारलं. फोटो धुऊन आल्यावर तिला उत्तर मिळालं : एका कोपऱ्यात ठिपका, बाकी सगळा अंगठा.

फगा कांताने कांदा-तिखट घालून परतला. वांग्याची चव बरी, असा निकाल दिला आणि कढई पुसून खाल्ला.

जयंतीचा कार्यक्रम उम्म अल हस्सममधल्या एका हॉलमध्ये होता. पांढरीशुभ्र साडी नेसलेली कांता रामजीच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली होती. रस्ताभर ती बोलत होती : हळू, सिग्नल, तो सायकलवाला, हळू म्हन्ते ना. रामजी रस्ताभर 'हो' म्हणत होता. मागे श्रावस्ती जीव मुठीत धरून बसली होती, पण बसली होती.

हॉलपाशी एकच जागा उरली होती, दोन गाड्यांच्या मध्ये, आणि तिथे रिव्हर्सनेच शिरावं लागणार होतं. रामजीने ब्रेक दाबला आणि घाम पुसला. कांता उतरली. डिकीतून नारिंगी बॅट घेतली. दुसऱ्या हाताला काहीतरी हवं, म्हणून दारातून हॉलच्या स्वयंपाकघरात ओरडली, आणि कोणीतरी मसालेभाताचा झारा आणून दिला. आठवडाभर घरी दिवाणखान्यात सराव झाला होता. ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

बॅट हलली, झारा हलला. रामजीने मागे पाहिलं नाही. टोयोटा मागे सरली, वळली, सरळ झाली आणि दोन गाड्यांच्या मधोमध जाऊन थांबली.

तेवढ्यात विश्वजीतची जहाजासारखी गाडी आली. उशिराच. जागा गेलेली पाहून त्याने हॉर्न वाजवला, कोपर बाहेर काढलं आणि गाडी सरळ हॉलच्या दारातच घालायला निघाला.

कांताने बॅट आणि झाऱ्याची फुली केली.

विश्वजीतने ब्रेक दाबला. का दाबला, ते त्याला पुढे कितीदा विचारलं तरी सांगता आलं नाही.